जोमाकाकांची गोटी

जोमाकाका कुणाच्याही घरी गेले की आधी खिशातली काचेची गोटी काढून जमिनीवर ठेवायचे. रामराम, चहापाणी, सगळं नंतर. गोटी ठेवायची, उकिडवं बसायचं आणि ती कुठे जाते ते बघायचं. आमच्या मनोजशेठच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती तेव्हाची गोष्ट. शेठची आई म्हणतेय, आधी देवाला हात जोडा, आणि हे हॉलच्या मधोमध गोटी ठेवून बसलेले. गोटी जरा विचारात पडली आणि मग निघाली ती थेट बाल्कनीकडे. "शेठ, घर बेस हाय," जोमाकाका म्हणाले, "फक्त गॅलरीकडं कललंय." झालं! बाल्कनीत पानं मांडून जेवत असलेली सगळी माणसं ताटं उचलून आत आली. शेठच्या बायकोने पुढे कित्येक दिवस तिथे कपडेसुद्धा वाळत घातले नाहीत.

"असं का करता हो काका?" मी एकदा विचारलं.

"मानूस खोटा बोलंल," ते म्हणाले. "लादी नाय बोलाची."

जोमाकाकांशी बोलताना माझं नेहमी असं व्हायचं. शब्द सगळे कळायचे, पण माणूस काय म्हणतोय ते घरी गेल्यावर, भाजी चिरताना वगैरे कळायचं. काही तर आजही कळलेलं नाही, आणि त्याबद्दलच हे लिहायला बसले आहे.

मी मनोजशेठच्या 'खाडीकाठ' नावाच्या केबल चॅनेलवर काम करते. नाव भारी आहे, पण ऑफिस म्हणजे पनवेलच्या लाईन आळीत एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बातम्या मीच लिहिते, मीच वाचते, आणि बाहेर कार्यक्रम असला की माइकही मीच धरते. कॅमेरा इरफानचा. जोमाकाका आमचे लाइनमन. कुठे वायर तुटली, कुणाच्या टीव्हीला मुंग्या आल्या, की निघाले खांद्यावर वायरचं वेटोळं टाकून. काटक, काळेसावळे, पँट नेहमी पोटरीपर्यंत दुमडलेली. खिशात पाच-सहा गोट्या असायच्या, त्यामुळे जिन्यात त्यांच्या आधी त्यांचा खुळखुळाट वर यायचा. साठी केव्हाच उलटली होती, पण गच्चीवर चढले की खाली यायचं नाव नाही. वरून हाका मारायचे, "काय गो बाय, दिसतंय काय आता?"

नवीन असताना मी त्यांच्यापायी फार फिरले. फोन करून विचारलं, काका, वायर कुठे तुटलीय? तर म्हणायचे, "भगताच्या दारी." मी अख्ख्या पनवेलात भगत शोधत हिंडायची. एकदा कुणा भलत्याच भगतांच्या घरी जाऊन सरबत पिऊन आले. मग इरफानने उलगडा केला. "मॅडम, वो अपने गाव के घर गिनते है." जोमाकाकांच्या गावात एकच आळी होती. बंदराकडून सुरू व्हायची आणि गावदेवीच्या देवळापाशी संपायची. पहिलं घर भगतांचं, मग विहीर, मग नाखव्याचं, अशी. कुठल्याही गल्लीत वायर टाकली की ते पहिल्या खांबाला भगत म्हणायचे, दुसऱ्याला विहीर, तिसऱ्याला नाखवा. बरं, ते गावसुद्धा आता जागेवर नाही. विमानतळात गेलं. घरं पाडली, वर भराव पडला, आणि माणसं करंजाडे, कामोठे, उलवे अशी जिकडे जागा मिळाली तिकडे पांगली. पनवेलच्या खांबांवर मात्र ती आळी जशीच्या तशी उभी होती. हे ठाऊक असलेली माणसं आम्ही तिघंच.

तर एक दिवस मनोजशेठला आयडेंट पाहिजे झाली. आयडेंट म्हणजे कार्यक्रमाच्या आधी चॅनेलचं नाव झळकतं ना, ती छोटीशी फीत. आमची होती ती निळ्या पडद्यावर नाव गरगर फिरायचं, बघून शेठना स्वतःलाच चक्कर यायची. त्यांनी मोबाइलवर कुठलातरी व्हिडिओ पाहिला. एक वस्तू दुसरीला ढकलते, दुसरी तिसरीला, असं करत करत शेवटी नाव येतं. "एकदम झकास! मुंबईत कोण करून देतं बघ," शेठ मला म्हणाले.

जोमाकाका तेव्हा स्टुलावर चढून छतात डोकं घालून वायर ओढत होते. आतूनच आवाज आला, "मुंबईत कशाला? मी दर गनपतीला करत होतो."

आणि ते खरंच होतं. गावच्या सार्वजनिक गणपतीचा हलता देखावा वर्षानुवर्षं त्यांचाच असायचा. मोटर नाही, काही नाही. डब्यातून वाळू गळायची, डबा हलका झाला की वर जायचा, तो दोरी ओढायचा, आणि राक्षस पडायचा. "लाइट गेली तरी देव थांबाचा नाय," हा त्यांचा अभिमान. आणि नियम एकच. एकदा सुरू केलं की हात लावायचा नाही. "हात लावला की मेला," म्हणायचे. देखावा अडकला, लोक हसले, तरी चालेल. हात लावायचा नाही म्हणजे नाही.

मग ऑफिसात सामान यायला लागलं. आधी आली एक गंजलेली पन्हळ. मग विहिरीचं चाक, पाळणा, वरवंटा, पाट, मिठागरातलं लाकडी फावडं, एक फाटकं सूप. रोज सकाळी दार उघडलं की कुणाच्या तरी घरचं काहीतरी दारात. शिंपी वर येऊन विचारून गेला, भंगाराचा धंदा सुरू केलात काय? शेवटी एक लांबलचक सागवानी उंबरठा आला. चार माणसांनी जिन्यातून वर चढवला. शेठ त्याला अडखळून पडले आणि म्हणाले, "जोमा, मला आयडेंट पाहिजे, रुखवत नको!"

सगळं करंजाड्याला, गावकऱ्यांच्या नव्या वसाहतीतल्या समाजमंदिरात हलवलं आणि जोमाकाकांनी मांडामांड सुरू केली. पन्हळीतून गोटी निघायची ती तांब्यात पडायची. तांब्या खाली जायचा, चाकावरची दोरी ओढली जायची, पाळण्याची खुंटी सुटायची. पाळणा झुलून वरवंट्याला धडकायचा. वरवंटा पाटावरून गडगडत फावड्याच्या टोकावर, की दुसऱ्या टोकाची गोटी सुपात. असं पुढे पुढे. मी आणि इरफान सूचना करून दमलो. पाळणा शेवटी घ्या, किती सोपं होईल! वरवंटा आधी घ्या!

"नाय गो बाय. पालना तितं नाय."

"तिथे म्हणजे कुठे?"

"तितं."

आता याला काय म्हणावं? यंत्र चालावं म्हणून माणूस धडपडतोय, आणि ते सोपं करायला सांगितलं तर करत नाही. दोन दिवस आमची हीच हुज्जत. मग माझंच डोकं चाललं. पन्हळ भगतांची. चाक विहिरीचं. पाळणा नाखव्याच्या घरचा. खांब मोजतात तोच क्रम. मी म्हटलं, "काका, ही तुमची आळी आहे होय?"

"मंग काय बोलतोय मी?" ते म्हणाले. "बंदराकडनं गावदेवीपर्यंत. एक डाव सगली घरं एकमेकांना लागली पायजे. मंदी कापाकापी नाय. टीव्हीवर दिसंल ना सगल्यांना? उलव्याला बी दिसंल, कामोठ्याला बी."

आम्ही त्याला आयडेंट म्हणत होतो, आणि हा माणूस मोडलेलं गाव रोज संध्याकाळी एकदा उभं करायचं म्हणत होता. त्यानंतर मी पाळण्याचं नाव काढलं नाही.

पण एक भानगड उरली. सुपातली गोटी उंबरठ्यावर यायची. तो जोमाकाकांच्या स्वतःच्या घराचा. उंबरठ्यातली खाच धरून ती दुसऱ्या टोकाला पोचायची, आणि पुढे काहीच नव्हतं. टेबलाची वीतभर सपाट जागा. त्या जागेपलीकडे खुंटी, खुंटीला दोरी, दोरीला गावदेवीची घंटा लागायची होती, आणि घंटेच्या ठोक्याने चॅनेलच्या नावाची पाटी उघडायची होती. गोटी त्या वीतभर जागेत यायची आणि अर्ध्यावर थांबायची. दर वेळी.

"इथे काय आहे?" मी विचारलं.

"पदूचं घर."

पदू म्हणजे पदाजी, त्यांचा धाकटा भाऊ. "मग त्यांची वस्तू कुठाय?"

"नाय."

"त्यांनी दिली नाही, की तुम्ही मागितली नाही?"

"दोनी."

एकाच घराचे दोन भाग, मधे एक भिंत. गाव उठायचं ठरलं तेव्हा पदाजीकाका आधी निघाले. पोराबाळांना घेऊन किती दिवस टांगणीवर राहायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी आपली बाजू पाडली, आणि भिंत सामाईक होती, तीही गेली. जोमाकाका मागे राहिले होते, बायको गेलेली, एकटेच. एका बाजूने उघड्या घरात त्यांनी ताडपत्री बांधून पावसाळा काढला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. मला दोघांचंही पटतं, हीच तर पंचाईत आहे.

"थोडा उतार दो ना चाचा," इरफान म्हणाला. "आरामात जाईल."

"तितं उतार नवता. बापानी घर बांदला तवा मी सोता गोटी ठेवून बगितलेली. दोगांची जमीन सरल होती."

"मग जागा तरी कमी करा."

"पदूचं घर जेवरं होतं तेवरी जागा रानार."

आणि घंटा? ती वसाहतीतल्या नव्या देवळात होती, आणि ती काही अशी कुणालाही नेता येत नाही. देवळाबाहेर काढायची तर मानकऱ्याने स्वतः न्यायची, जमिनीला टेकू द्यायची नाही, परत जागेवर लटकेपर्यंत त्याने घंटेजवळून हलायचं नाही. मान यांच्याच घराण्याचा, एक वर्ष थोरल्याकडे, एक वर्ष धाकट्याकडे. त्या वर्षी पदाजीकाकांकडे होता. म्हणजे घंटा हवी तर पदाजीकाका येणार. पुढच्या वर्षी मान जोमाकाकांकडेच यायचा होता. शेठना काही घाई नव्हती. ते म्हणाले, होऊ दे सावकाश, जुनं नाव फिरतंय तोवर फिरू दे. घाई केली ती जोमाकाकांनी. का केली, ते मी त्यांना पुढे विचारलं. त्यांनी माझ्या टेबलावर गोटी ठेवली आणि ती कुठे जाते ते बघत बसले.

शूटिंगच्या दिवशी समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. पांगलेलं गाव सगळं हजर. जो तो आपली वस्तू शोधतोय. "आमचा पालना मागं का?" "मागंच होतं तुमचं घर!" असं सगळं. पदाजीकाका आले ते पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, घंटा छातीशी धरून. स्थूल, गोरे, भावासारखे मुळीच न दिसणारे. घंटा चौकटीला लटकवली आणि चौकटीचा एक खांब धरून तिथेच उभे राहिले. त्या रिकाम्या जागेच्या अगदी शेजारी. दोघा भावांमधे हातभर अंतर, आणि बोलणं सगळं माझ्यामार्फत.

"बाय, त्याला सांग, दोरी जरा सैल सोड."

"बाय, त्याला सांग, मना अक्कल हाय."

मी मधे उभी राहून नुसती इकडून तिकडे मान फिरवत होते. खरंच सांगते, दोघांनाही एकेक ठेवून द्यावीशी वाटत होती.

पहिल्यांदा पाळणा जास्त झुलला. दुसऱ्यांदा वरवंटा पाटावर आडवा झाला, तर नाखव्याची म्हातारी ओरडली, "पाट उलटा लावलाय मेल्यांनी!" आणि तो खरंच उलटा होता. पुन्हा मांडामांड. मग वस्तू एकमेकांना लागायला लागल्या, पण त्या वीतभर जागेत गोटी थांबायची ती थांबायचीच. दुपार झाली. जेवणं झाली. लोक कंटाळून गप्पा मारायला लागले. इरफान म्हणाला, आता शेवटची बॅटरी.

जोमाकाकांनी पन्हळीत गोटी सोडली. तांब्या गेला. पाळणा हलला. वरवंटा गडगडला. गप्पा थांबल्या. जी वस्तू हलेल त्या घरची माणसं हळूच आपलं नाव घेत होती, भगत, नाखवा, ठाकूर. सुपातून गोटी उंबरठ्यावर आली, खाचेतून सरसर गेली, आणि निघाली मोकळ्यावर. नेहमीच्या जागी ती थांबली नाही. थोडी पुढे गेली. मग हळू झाली. आणखी हळू. खुंटी अगदी समोर होती.

आणि पदाजीकाकांचं बोट पुढे आलं. जाडजूड, तांब्याची अंगठी घातलेलं बोट. त्याने गोटीला जरासं ढकललं. खुंटी सुटली, घंटा टण्‌ण वाजली, पाटी उघडली, खाडीकाठ.

मग जोमाकाका ओरडले, "हात का लावलास?"

"थांबली होती ती!"

"नवती थांबली! चालली होती!"

"डोले फुटले काय तुझे? थांबली होती!"

"तुना कवा कलला रे यातला काय?"

आणि माझ्या एकदम लक्षात आलं की आता मधे मी नाही. भिंत पडली त्या दिवसापासून दोघं पहिल्यांदा एकमेकांशी बोलत होते, ते असे, शिव्या देत. पदाजीकाकांची बायको काशीकाकी कोपऱ्यात बसली होती, ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. बाकीचे लोक गोटीवरून वाद घालायला लागले. निम्मं गाव म्हणे थांबली होती, निम्मं म्हणे चालली होती.

"चाचा, एक और लेते है," इरफान म्हणाला. "बॅटरी चार्ज करतो."

"नाय," जोमाकाका म्हणाले. "हीच ठेव."

मी चक्रावले. ज्या माणसाने उभ्या जन्मात देखाव्याला हात लावू दिला नाही, तो हात लावलेली फीत ठेव म्हणतोय? आणि त्याच दमात भावाला शिव्याही घालतोय? शेठनी पाहिली तेव्हा कपाळावर हात मारला. "अरे, बोट दिसतंय मधे! आणि एवढी लांब! आयडेंट आहे की पिक्चर? कट करा." जोमाकाका शांतपणे म्हणाले, "कट केलीत तर मी खांबावर चडनार नाय." लाइनमनशिवाय केबल चालते होय? फीत अख्खी लागली. रोज संध्याकाळी सातला, बातम्यांच्या आधी. तेव्हापासून उलव्यातून, कामोठ्यातून फोन यायचे, बातम्या नसल्या तरी चालतील, ती घंटा लावा.

दर रविवारी जोमाकाका तेल लावून, भांग पाडून भावाकडे जायचे. "कुठे काका?" "भांडाला." भांडायला जायचे आणि कालवण-भात जेवून यायचे. एकदा दोघंही ऑफिसात आले आणि इरफानला म्हणाले, हळू करून दाखव. इरफानने अगदी गोगलगायीच्या चालीने फीत चालवली. गोटी, बोट, गोटी, बोट. नाकं पडद्याला लावून दोघं बघत होते. "बग, थांबलीय!" "कुटं? बग, हालतेय!" शेवटी इरफानने हात टेकले, "खुदा जाने, चाचा." मीही ती शंभरदा पाहिली असेल. बोट लागायच्या आधी गोटी थांबली होती का, मला आजही सांगता यायचं नाही.

जोमाकाका यंदा गेले. दुखणं फार नाही, दोन दिवस ताप आला आणि संपलं. ते गेल्यापासून जिना मुका झालाय. वर कोण येतंय ते आता दारात आल्यावरच कळतं. वायर तुटली की नवा लाइनमन गल्लीचं नाव सांगतो, घराचा नंबर सांगतो, आणि मला ती जागा पटकन सापडते. मला ते मुळीच आवडत नाही.

बाराव्याला मी आणि इरफान पदाजीकाकांच्या फ्लॅटवर गेलो. खोली माणसांनी भरलेली. मी दारातच जरा घुटमळले, कारण आधी जमिनीकडे बघायची सवय लागलीय. पदाजीकाका खुर्चीत बसले होते. मग काशीकाकी आतून आली आणि सुनेला म्हणाली, "सात झाले. लाव गो टीव्ही. त्याचा टाइम झाला."

पन्हळीतून गोटी निघाली. "भगत," कुणीतरी हळूच म्हणालं. "हीर," दुसरं कुणी. "नाखवा." मग सगळ्यांचेच आवाज लागत गेले. बायका, म्हातारे, गाव कधी न पाहिलेली लहान पोरंसुद्धा, एकेक घर म्हणत होती. "जोमा," उंबरठ्यावर गोटी आली तेव्हा सगळी खोली म्हणाली.

मग ती मोकळ्यावर निघाली आणि सगळे गप्प झाले. मी टीव्हीकडे बघितलंच नाही. मी पदाजीकाकांकडे बघत होते. खुर्चीच्या हातावर त्यांचा उजवा हात होता. पडद्यावरची गोटी हळू झाली असणार, कारण त्यांचं ते अंगठीवालं बोट किंचित वर उचललं गेलं आणि तसंच हवेत राहिलं. घंटा वाजली तरी त्यांनी ते खाली घेतलं नाही.

"चालली होती ती," पदाजीकाका म्हणाले. "मीच उगा हात लावला."